बिरू चालला नाही

मी बिरूशी दहा महिने खोटं बोलले.

परवा तो गेला. सांगोल्याजवळच्या गावातून त्याच्या लेकीचा फोन आला. "बाई, आबा गेलं. तुमाला कळवाया सांगून ठेवलं हुतं त्यांनी."

फोन ठेवून तशीच बसून राहिले. रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी फिजिओथेरपी शिकून नुकतीच सोलापुरात एका हॉस्पिटलात लागले होते. फिजिओ म्हणजे मालिश करणारी बाई, एवढंच लोकांना माहीत. डॉक्टरांनाही.

बिरू तेवीस-चोवीसचा. शेरडं-मेंढरं राखायचा. रानात हिरवं काही उरलं नव्हतं, म्हणून शेरडांसाठी पाला तोडायला कडुलिंबावर चढला आणि फांदीसकट खाली आला.

पाठीचा कणा मोडला. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श.

आमचे सर हाडांचे डॉक्टर. त्यांचा रिसर्च सुरू होता. असा माणूस कॅलिपर लावून चालतो, तेव्हा शरीराचं नेमकं काय होतं? कॅलिपर म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे.

मशिन वगैरे काही नव्हतं.

तळव्यांना शाई लावून लांब कागदावर ठसे घ्यायचे. एक वजनकाटा पायांखाली, दुसरा कुबड्यांखाली. दहा पावलं झाली की नाडी मोजायची. सगळं एका वहीत मी लिहायचे.

पहिल्या महिन्यातच कळलं होतं. भार जवळजवळ सगळा कुबड्यांवर. पाय नुसते टेकलेले. दहा पावलांत नाडी अशी धावायची, की मलाच भीती वाटायची.

बिरू चालत नव्हता. हातांवर लटकून स्वतःला पुढे फेकत होता.

सरांना विचारलं, "त्याला सांगू या का?"

"सांगितलंस तर तो प्रयत्न सोडेल. आणि आपली मापं अर्धी राहतील."

मी मान डोलावली. नोकरी नवी होती, हे कारण आज पुरत नाही.

मग रोज सकाळी म्हणायचे, "आज कालच्यापेक्षा बरं आहे हं, बिरू."

तो घामानं निथळत हसायचा. "दिवाळीला चालत घरी जातो का न्हाय बघा."

दिवाळी झाली. संक्रांतही झाली.

एके दुपारी सर बाहेरगावी होते. बिरू चालण्याच्या सरावाच्या लोखंडी बारला धरून उभा होता. म्हणाला, "बाई, त्या वहीत काय लिवताय ते आज वाचून दावा."

मी वाचलं. पायांवर किती, हातांवर किती. नाडी किती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जवळपास तेच आकडे.

"म्हंजे पायात जीव येनार न्हाय?"

"नाही."

"कवाच?"

"नाही, बिरू."

"तुमाला कवापास्नं म्हाईत हुतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

तो खाली बसला आणि स्वतःच कॅलिपरचे पट्टे सोडायला लागला. मी पुढे झाले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

दोन दिवस जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सर परत आले, माझ्यावर चिडले. "त्याला समजाव. अजून दोन महिन्यांची मापं घ्यायचीत."

आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाला "नाही" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको सखू माझ्याकडे आली. इतके महिने ती फारसं बोललीच नव्हती.

"चालायचं ऱ्हाऊ द्या, बाई. चुलीपास्नं दारापतूर त्यानं माझ्याबिगर कसं जायचं, तेवढं शिकवा की."

इतका साधा प्रश्न. आम्हाला कुणालाच पडला नव्हता.

मग पुन्हा मापं घेतली. या वेळी हातांची. तो जमिनीवर बसून तळहात टेकायचा, अंग उचलायचा. कितीही जोर लावला तरी बूड जमिनीला घासायचं. घासलं की जखम, आणि ती जखम त्याला कळणार नाही. अशा जखमांनीच ही माणसं मरायची.

हाताखाली वीट ठेवली. अंग अधांतरी उचललं गेलं.

बिरू माझ्याकडे बघायला लागला. "हात लांब झालं की वो!"

किती उंची हवी, खांद्यावर ताण कमी कशानं येतो, हे वेगवेगळे ठोकळे ठेवून बघितलं. कापडाचे माग दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनं चार बोटं उंचीचे, मूठ असलेले दोन लाकडी ठोकळे करून दिले. आणि बेअरिंगवर पळणारी एक बुटकी फळी.

बिरू तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तेवढंच करत राहिला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

मग घरी गेला. चालत नाही.

सरांनी पुढे पुण्यात डॉक्टरांच्या परिषदेत या रिसर्चवर पेपर वाचला. त्यात बिरूचा कॅलिपर लावून उभा असलेला फोटो होता. ठोकळ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

चारेक वर्षांनी कामासाठी सांगोल्याला गेले, तेव्हा वाट वाकडी करून त्याच्या घरी गेले. बिरू फळीवर बसून एका शेळीचा खूर साफ करत होता. सखूच्या कडेवर पोरगी. पोरगी अपघाताआधीची की नंतरची, हा हिशेब माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. सखू पदराआड हसली.

चहा झाला. निघताना विचारलंच. "बिरू, रागावला होतास ना माझ्यावर?"

"व्हय की. लई."

"आणि आता?"

त्यानं शेळीचा पाय सोडला.

"अजून हाय थोडा. पन तुमी वाचून दावलं. दुसऱ्या कुनी दावलं नसतं."

त्यानंतर नोकरीभर शेकडो पेशंट पाहिले. प्रत्येकाला वेळेवर खरं सांगत आले. काहींनी शिव्या दिल्या, काही परत आलेच नाहीत. सोपं कधीच झालं नाही. आता थकले आहे.

बिरू त्या अपघातानंतर चाळीसएक वर्षं जगला. शेरडं राखली, लेकीचं लग्न केलं, नातवंडं बघितली.

उद्या सकाळच्या एसटीनं निघतेय. सखूपाशी थोडा वेळ बसून येईन.

बिरू, माझा तुला शेवटचा नमस्कार. तुझा तो थोडा राग माझ्याकडेच राहू दे.