हाताला इचारा

"मापाला न्हाई, हाताला इचारा," असं म्हणून तो कानशीने घासलेल्या लोखंडी तुकड्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवायचा. मग मी मोजायचो, आणि माप बरोबर निघायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि मी माल तपासायचो. अशी हातांची माणसं तुम्हीही पाहिली असतील. फोरमनने एकदा बारीक मापं घ्यायचं नवं मायक्रोमीटर आणलं, तर याने ते कानाला लावलं. "बोलत न्हाई हो हे!" फोरमनसुद्धा हसला.

एका थंडीत त्याची बोटं सुजली. मग गुडघे. कंपनीच्या दवाखान्यात वात म्हणाले, मीही तेच म्हणालो. माझ्या आईने काढलेलं निर्गुडीचं तेल त्याला नेऊन दिलं. तो रोज चोळायचा आणि सकाळी मला सांगायचा, "उतार हाय, राव."

उतार नव्हता. कानशीची मूठ त्याच्या हातात मावेना. मला वाईट वाटू नये म्हणून तो तसं सांगायचा, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे ताप येऊ लागला, अंग झडलं, मानेला गाठ दिसली. पुण्याच्या इस्पितळात मीच सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "हा नुसता वात नाही. गाठींचा कॅन्सर आहे. सांधेही त्याच्यामुळेच सुजलेत."

"मग हात कामाला येत्याल?"

"आधी जीवाचं बघू."

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. "हाताचं काय सांगितलंच न्हाई त्यांनी," एवढंच म्हणाला.

इंजेक्शनं सुरू झाली तशी सूज ओसरली. तीन आठवडे तो कामावरही आला. शर्टाची बटणं स्वतः लावली, हे त्याने सगळ्या खात्याला दाखवलं. चौथ्या आठवड्यात सूज परतली आणि मग कुठलंच औषध लागू पडलं नाही.

मी दर रविवारी त्याच्या आकुर्डीच्या घरी जायचो. शेवटच्या वेळी त्याची बायको त्याला बशीतून चहा पाजत होती. मला बघून तो उठायला गेला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. बशी कलंडली, चहा अंगावर सांडला.

"राव, आता येऊ नका," तो म्हणाला. "तुमी आलात की मला उठावंसं वाटतं."

मी त्याचं ऐकलं. दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या पाळीला, गेटवरच बातमी कळली.

घरी गेलो तेव्हा त्याला नेऊन झालं होतं. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी समोर जाऊन बसलो. मग तिने मान वर केली.

"दोन्ही रविवारी दाराकडंच बघत व्हते," ती म्हणाली. "तुमी का आला न्हाईत, भाऊ?"