अम्माला दाखवायचं नाव

भूतबित, करणी, उतारे... या सगळ्याची टिंगल करण्यात माझा पहिला नंबर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सोलापुरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तू बिघडली की त्याला कारण असतंच, एवढाच माझा देवधर्म. म्हणून हे लिहायला चार महिने लागले. हसायचं तर हसा.

मला एक खूळ आहे. नव्वदच्या दशकातल्या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट मी जमवतो – गाजलेल्या नाहीत, ज्यांचं नावही कुणाला आठवत नाही अशा. बायको म्हणते, "भंगारवाला निदान घेऊन तरी जातो, तुम्ही घेऊन येता."

एप्रिलमध्ये असाच भवानी पेठेत श्रीनिवासच्या घरी गेलो. श्रीनिवास माझा शाळेतला दोस्त. एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्याची आई अजून विड्या वळते; गल्लीतले आम्ही सगळेच तिला अम्मा म्हणायचो. माझ्या खुळाचा विषय निघाला तसं मांडीवरचं सूप बाजूला ठेवून तिनं ट्रंकेतून त्याची कॅसेट काढली. जपानी! अशी मी फक्त फोटोत पाहिली होती. उलटीसुलटी करून तीनदा पाहिली.

"ने की, प्रशांत," अम्मा म्हणाली. "पैसे नको. त्यात त्येचं नाव हाय. अम्मा, मी पैला आलो, नाव लागलंय, दाखवतो तुला, म्हनायचा. आपल्याकडं टीवी कुटं होता तवा? आटवीत होता, दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळायचा. ऱ्हाऊनच गेलं बघ. तू एकदा लावून दाखव मला."

"दाखवतो की अम्मा. रविवारी घरी ये, चार वाजता."

आणि घरी येऊन मी काय केलं? कॅसेट उघडली. जुनी कॅसेट हातात आली की आम्ही जमवणारे आधी हेच करतो – आतले पॉइंट स्पिरिटनं पुसायचे, जुना सेल काढून नवा लावायचा. नावं आणि गुण त्या बटणाएवढ्या सेलवरच टिकून असतात. सेल सुटला की सगळं साफ. हे मला पाठ आहे हो, पाठ! पण नवा माल बघून डोकं ठिकाणावर नव्हतं, हात आपोआप चालले. सेल टेबलावर पडला तेव्हा अम्माचं बोलणं आठवलं. मीटर लावला... तीन व्होल्ट. सेल चांगला होता. इतकी वर्षं नाव आत होतं आणि ते मी पुसलं. खोटं कशाला सांगू, रडलो.

नवा सेल लावून गेम चालू केला. पहिल्या पाच जणांची यादी आली – पाचही ओळींत नुसतं ए ए ए, म्हणजे कोरी; नावाला तीनच अक्षरांची जागा असते.

मग ठरवलं, आपणच खेळून पहिलं यायचं आणि त्याचं नाव टाकायचं. तीन दिवस दुकान बंद ठेवलं. यादीत यायला आठ पैलवान लोळवावे लागतात; मी चौथ्याच्या पुढे गेलो नाही. अंगठ्याला फोड आले. हा पोरगा आठवीत हे कसं खेळला, देव जाणे.

रविवारी तीन वाजता शेवटचं हरलो. यादी पाहिली. ए ए ए, पाच वेळा. गेम बंद केला आणि तिथेच बसून राहिलो. बायको अकलूजला माहेरी गेलेली, जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटा. जागचा उठलो तो थेट बेल वाजल्यावर.

अम्मा ठेवणीतली साडी नेसून आली होती. दोन जिने चढून दम लागलेला. खुर्चीत बसली, पदरानं चष्मा पुसला आणि टीव्हीकडे बघत राहिली. मला खोटं बोलवेना.

"अम्मा... माझ्या हातून पुसलं गेलं. नाव नाही आता त्यात."

तिनं टीव्हीकडे बोट केलं. मग म्हणाली, "लाव तर खरं. काय खेळायचा त्ये तरी बगू दे."

बटण दाबलं. पडदा काळा... जपानी अक्षरं... दोन पैलवानांची झलक... आणि यादी.

पहिल्या ओळीत – एस आर आय.

खालच्या चार ओळी ए ए ए. बंद करून परत चालू केलं. एस आर आय. पुढे सहा आकडी गुण, जे मला या जन्मात जमणार नाहीत.

अम्माला इंग्रजी येत नाही, पण ही तीन अक्षरं येतात. श्रीनिवासनं हौसेनं घरातल्या भांड्यांवर घालून घेतली होती. ती उठली, टीव्हीजवळ गेली, एकेका अक्षरावर बोट ठेवलं. वळली तेव्हा डोळे भरलेले होते.

"तूच घातलंस की रे."

"नाही अम्मा. आईशपथ नाही. मला जमलंच नाही..."

"असू दे." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "म्हातारीसाटी येवढं केलंस. आदी खरं सांगितलंस, मग ह्ये केलंस. लई झालं."

ती गेल्यावर चिप, सेल, कन्सोल, सगळं उलटंपालटं करून तपासलं. कारण सापडलं नाही, अजूनही नाही. त्याचंही एवढं वाटत नाही. मी तोंड बंद ठेवलं असतं तर तिला लेकानं स्वतः लावलेलं नाव दिसलं असतं, हे मात्र झोपू देत नाही.

भवानी पेठेत गेलो की ती शेजारणींना सांगते, "ह्येनंच माझ्या श्रीनिवासचं नाव लावलं." सुरुवातीला मी नाही म्हणायचो. आता म्हणत नाही.