कँटीनवाल्यांची रेघ

आमच्या कारखान्यात पितळेचा पत्रा निघायचा. कारखाना भंडाऱ्याच्या बाहेर, वैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी पॉलिश खात्यात होतो. दिवसभर फिरत्या चाकावर पत्रा धरायचा आणि संध्याकाळी रुमालाने नाकातलं पितळ काढायचं, असं ते काम. त्या वर्षी मी नुकताच पर्मनंट झालो होतो. त्यामुळे जगात कुठेही काही गडबड होऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

कारखान्यात युनियन एक, पण माणसं दोन तऱ्हेची. आम्ही शहरातले, विणकरांच्या मोहल्ल्यातले. घरचे हातमाग मंदावले म्हणून इकडे आलेले. दुसरे खेड्यांवरचे. एकोडीचे, आसगावचे, शहरात खोल्या करून राहणारे. त्यांचे हात मशीनवर असत आणि जीव धानाच्या बांधीत, खाचरात. आषाढ लागला की त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. कुणाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, किती वाढले, कुणाची बांधी चिखलून झाली आणि ती रोपं लावायला, रोवणीला, बाया मिळाल्या का, याशिवाय दुसरा विषय नाही.

युनियनचे अध्यक्ष भट्टी खात्यातले. मोठ्या मिशा, मोठा आवाज. आणीबाणीत त्यांना भाषण करता आलं नव्हतं. ती उठल्यावर साठलेली सगळी भाषणं त्यांनी आमच्यावर रिकामी करायला घेतली होती.

कँटीन मात्र ठेकेदाराचं होतं. तिथला आचारी म्हणजे महाराज. अंगाने जाड, स्वभावाने शांत. पोळ्या लाटायला एक मावशी आणि वाढायला, भांडी घासायला आणखी दोघंतिघं. तिथलं वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसायचं, आणि आमच्या पॉलिश खात्यातला एकजण खरंच त्यात बघून भांग पाडायचा. महाराजांना आम्ही रोज शिव्या द्यायचो. ते उत्तर द्यायचे नाहीत, फक्त पुढच्याच्या ताटात वाढायचे.

ही माणसं एकदा आमच्या युनियनकडे आली होती. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, की तुम्ही कारखान्याचे कामगार नाही, ठेकेदाराची माणसं आहात, आमच्यात बसत नाही. मग त्यांनी शहरातल्या हॉटेलांमधल्या कामगारांबरोबर मिळून आपली वेगळी युनियन काढली. आम्ही तिला ‘पोळीभाजी युनियन’ म्हणायचो आणि हसायचो.

आषाढातल्या एका सोमवारी सकाळी आम्ही कामावर आलो, तर गेटसमोर महाराज, मावशी आणि बाकीची मंडळी सतरंजी टाकून बसलेली. गेटच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चुलीतल्या राखेची जाड रेघ ओढलेली.

‘‘काय होय जी, महाराज?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘संप होय,’’ महाराज म्हणाले. ‘‘आमची युनियन संपावर आहे. तुमी कामगार आहा. रेघ ओलांडाची का नाई, तुमी ठरवा.’’

आमच्या सायकली जागच्या जागी थांबल्या. मी तर गर्दीच्या मागेच राहिलो. कारण मावशी आमच्याच मोहल्ल्यातली, माझ्या घराला लागून तिचं घर. नळ एक. तिने मला बरोबर हेरलं.

‘‘मांगं काहून लपून राहिला रे बाबू? पुढं ये. जाचं असन तं माह्या डोळ्यादेखत जा.’’

मी नुसतं हसलो. आत गेलो तर घरी आई जेवायला वाढणार नाही आणि बाहेर राहिलो तर नवी नोकरी. दोन्हीकडून माझं अवघडच होतं.

अध्यक्ष आले. रेघ बघून ते थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम पेच दिसला. मागच्याच कामगार दिनाला त्यांनी भाषण ठोकलं होतं, की दुसऱ्या युनियनने आखलेली रेघ म्हणजे कामगारासाठी लक्ष्मणरेषा. तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या. आता ते सगळे विसरले असावेत असं त्यांना वाटत होतं, पण महाराज विसरले नव्हते.

‘‘तुमीच म्हनलं होतं जी, लक्ष्मणरेषा,’’ ते नम्रपणे म्हणाले.

गेटसमोरच्या चिंचेखाली ताबडतोब सभा भरली. पहिला वाद लक्ष्मणरेषेवरच झाला. भांग पाडणारा उठून म्हणाला, ‘‘अध्यक्षजी, लक्ष्मणरेषेच्या आत सीतामाई होती. बाहेर रावण होता. आता आतमंधी मॅनेजर आहे आन् बाहेर आपण. मंग रावण कोन?’’

‘‘तसा अर्थ नाही काढाचा,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘मंग कसा काढाचा?’’

यावर बराच वेळ गेला. एक भजनी मंडळातला होता, त्याने रेषा मुळात कुणासाठी होती हे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्याला खाली बसवलं. मग एकाने विचारलं, सायकलवर बसून गेलं तर पाय रेघेला लागत नाही, ते चालेल का? दुसरा म्हणाला, मागच्या बाजूने धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुंपणापाशी जाता येतं, तिकडे रेघच नाही. तेवढ्यात तिकडूनच टाईमकीपर आला. त्याने तो रस्ता आधीच करून बघितला होता. कमरेपर्यंत चिखल, एका पायात चप्पल. त्यानंतर धुऱ्याची सूचना कुणी मांडली नाही.

एकोडीचे लोक मात्र पहिल्यापासून संपाच्या बाजूने. एरवी सभेत तोंड न उघडणारी माणसं, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात एकजूट संचारली होती. त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा उभा राहिला.

‘‘कामगार म्हनजे कामगार. पोळ्या लाटो का पत्रा. आपण आत नाई जाचं. आज नाई, उद्या नाई. पाहिजे तं पुरा आठवडा नाई.’’

‘‘पुरा आठवडा कायले?’’ आमच्यातल्या एकाने विचारलं. ‘‘बांधी चिखलून तयार आहे वाटते?’’

‘‘तयार आहे,’’ तो प्रामाणिकपणे म्हणाला. ‘‘पण ते अलग. हे अलग.’’

हशा झाला आणि आमचे शहरातले लोक बिथरले. यांना रोवणी करायची म्हणून आम्ही का पगार बुडवायचा? आमच्या घरी बांधी नाही, माग आहेत, आणि मागावर पाऊस पडला काय आणि न पडला काय. आवाज चढले. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘‘आन् हा संप कोनासाठी? ज्याचं वरण म्हणून आपण नुसतं पाणी पितो त्याच्यासाठी? मी तं उलट म्हणतो, कँटीन बंद राहू द्या!’’

ते महाराजांच्या कानावर गेलं. ते रेघेपाशी बसूनच होते, काही फार दूर नव्हते. ते उठले आणि चिंचेखाली आले. एरवी ते बोलत नसत, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे वळले.

‘‘आमच्या मागण्या तुमी विचारल्याच नाई,’’ ते म्हणाले. ‘‘पहिली मागणी डाळ. ठेकेदार किडलेली डाळ देते, ते बी मूठभर. तेवढ्यात तुमा सगळ्याइचं वरण करा म्हणते. मी पाणी टाकतो. दुसरं काय टाकू? ठेकेदार इथं येत नाई. शिव्या मी खातो. तं आमची पहिली मागणी, डाळ चांगली द्या. दुसरी, चुलीवर धड छप्पर आन् धूर जाले जागा करून द्या. तिसरी, हप्त्यात एक दिवस सुट्टी.’’

आणि ते परत जाऊन सतरंजीवर बसले.

भांग पाडणारा खाली बघत चिंचेची पानं वेचत राहिला. आमच्याच जेवणासाठी ही माणसं उन्हात बसली आहेत, आणि आम्ही सकाळपासून सायकलचं चाक रेघेवरून नेता येईल का यावर भांडत होतो. मलाही कुठे बघावं कळेना. मावशी माझ्याकडेच बघत होती.

अध्यक्षांनी घसा साफ करून हात वर करायला सांगितलं. शहरातल्यांमधून पहिला हात भांग पाडणाऱ्याचा वर गेला. मग माझा. पर्मनंट झालेल्या माणसाचा हात जेवढा वर जाऊ शकतो तेवढाच गेला, पण गेला. एकोडीवाल्यांनी तर दोन-दोन हात वर केले होते. ठरलं. आत जायचं नाही.

ठरल्याबरोबर एकोडीचे लोक सायकली वळवून एस.टी. स्टँडकडे निघाले.

‘‘अरे, कुठं चालले?’’ अध्यक्ष ओरडले. ‘‘एकजूट इथं बसून दाखवा लागते!’’

‘‘आमची एकजूट आहेच जी!’’ लांबून उत्तर आलं. ‘‘तिकडून बी राहीन!’’

एवढ्यात अध्यक्षांच्याच लक्षात आलं, की भट्टी पेटलेली आहे आणि रात्रपाळीचे लोक ती सोडून निघायच्या बेतात आहेत. भट्टी थंड झाली तर आतलं पितळ गोठून बसेल आणि ते फोडता फोडता सगळ्यांचे हाल. पण रेघ न ओलांडायचा ठराव आत्ताच झालेला, तोही त्यांच्याच तोंडून. बराच वेळ त्यांनी मिशीला पीळ दिला. शेवटी महाराजांपुढे जाऊन उभे राहिले.

‘‘महाराज, भट्टी पाहून येतो. काम नाही करत. नुसता जाळ सांभाळतो.’’

महाराजांनी विचार केला. मग पायाने राख थोडी बाजूला सारून एक माणूस जाईल एवढी फट केली.

‘‘जा. जाळ विझू नाई द्याचा. ते मले समजते.’’

अध्यक्ष अंग चोरून त्या फटीतून आत गेले, आणि मागे लगेच रांग लागली. कुणाचा चष्मा आत होता, कुणाची छत्री. एकाला आपल्या मशीनला तेल दिलं की नाही याची अचानक काळजी वाटू लागली. मावशीने लाटणं आडवं धरून सगळ्यांना परत पाठवलं.

दुपारी महाराजांनी चिंचेखाली तीन दगड मांडले. डाळ त्यांनी घरून आणली होती. मावशीने पोळ्या लाटल्या. आम्ही रांगेत बसलो आणि जेवायला लागलो. लसणाची फोडणी, वर हिरवी मिरची, वरण कसं घट्ट. इतकी वर्षं हा माणूस आमच्यात होता आणि त्याच्या हातची खरी चव आम्हाला पहिल्यांदा कळत होती. भांग पाडणाऱ्याने तीनदा वाढून घेतलं. महाराज त्याला म्हणाले, ‘‘याच्यात तोंड नाई दिसणार गा. आज तसाच राह्य.’’

आत ऑफिसात मात्र मॅनेजरसाहेब उपाशी होते. साहेब पुण्याकडचे, घर लांब, जेवण कँटीनमधूनच जायचं. भूक सहन होईना तेव्हा त्यांनी एक क्लार्क आणि नंतर साहेबांच्या बोलावण्यावरून आत गेलेला तो चिखलातला टाईमकीपर यांना घेऊन स्वतःच कँटीनची चूल पेटवायचं ठरवलं. लाकडं ओली. छप्पर गळकं आणि धुराला जायला वाटच नाही. आम्ही बाहेरून बघत होतो. कँटीनच्या दारातून आधी धूर आला, मग क्लार्क आला, मग टाईमकीपर, आणि सर्वांत शेवटी साहेब, डोळ्यांतून धारा लागलेल्या. तसेच ते गेटपर्यंत आले.

अध्यक्ष तोवर रात्रपाळीच्या दोघांना भट्टीपाशी बसवून बाहेर आले होते. ते हलकेच म्हणाले, ‘‘पाहा, साहेबांना बी रडू आलं. एकजुटीचा असर आहे.’’

साहेब खोकतच महाराजांना म्हणाले, ‘‘तुम्ही रोज तिथं स्वयंपाक करता?’’

‘‘हाव साहेब.’’

‘‘छप्पर मंजूर,’’ साहेब म्हणाले. ‘‘धुराडंसुद्धा. बाकीचं ठेकेदाराला बोलावून बोलू.’’ आणि जरा थांबून विचारलं, ‘‘त्या भांड्यात काही उरलंय का?’’

मावशीने त्यांना रेघेच्या बाहेर यायला लावलं, मगच वाढलं.

संध्याकाळी ठेकेदार स्कूटरवर आला. साहेबांचं पोट तेव्हा भरलेलं होतं आणि ते कशामुळे भरलं हेही त्यांना कळलं होतं, त्यामुळे बोलणी लांबली नाहीत. सुट्टी मिळाली. डाळ आली की शिजवण्याआधी आमच्या युनियनच्या एका माणसाने बघायची असंही ठरलं, आणि ते काम भांग पाडणाऱ्याच्या गळ्यात पडलं. महाराजांनी स्वतः झाडू घेऊन राख लोटली. कँटीनच्या माणसांना आमच्या युनियनमध्ये घ्यावं असं अध्यक्षांनी तिथंच जाहीर केलं. महाराज हात जोडून म्हणाले, ‘‘आमची आहे ना जी एक. पोळीभाजी.’’ म्हणजे ते नाव त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर मावशी भेटली. माझा हात कसा अर्धाच वर गेला होता, हे ती माझ्या आईला करून दाखवत होती आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती.

एकोडीचे लोक मात्र आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. संप मिटल्याचा निरोप त्यांना कोण देणार? आठवडा संपत आल्यावर ते उगवले. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, चेहऱ्यावर समाधान. गेटपाशी येऊन त्यांनी आधी रेघ शोधली.

साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. ‘‘संप सोमवारीच मिटला. तुम्ही होता कुठं?’’

‘‘आमाले कोनी सांगतलंच नाई जी,’’ वडीलधारा म्हणाला. ‘‘आमी तं इमानदारीनं आत नाई आलो.’’

‘‘आणि रोवणी?’’

‘‘ते झाली ना, साहेब.’’

अध्यक्ष त्यांच्या बचावासाठी पुढे सरसावले. दुसऱ्याच्या रेघेचा मान ठेवणं म्हणजे काय, इथून त्यांनी सुरुवात केली आणि बोलता बोलता लक्ष्मणरेषेपर्यंत आले. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

‘‘पुरे. जा, मशीनवर जा सगळे. तुम्हीही जा, अध्यक्ष.’’