मास्कमधला पंखा

सौंसरजवळ संत्र्याच्या बागेला लागून पेंटबॉलचं मैदान आहे. एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा तो खेळ. तिथे ते गृहस्थ मला एकदाच भेटले. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा. आमच्यात एक गडी कमी होता, म्हणून त्यांना घेतलं.

त्यांच्या मास्कला वरून बोटभर पंखा बसवला होता आणि मागच्या पट्ट्याला सेल बांधले होते. मैदानात उतरण्याआधी त्यांनी पंख्यापुढे तळहात धरून वारा पाहिला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"चष्म्यावर वाफ धरते ना भाऊ, काहीच दिसे नाही. पोरगी दर वेळी म्हणे, बाबा, चला ना खेळाले. मी आपला बाहेर बसून राहो. आता पंखा बसवला, तं पोरगी सासरी गेली."

ते फारसे धावले नाहीत. आडोशाला उभे राहून नुसते समोर बघत होते. त्यांना तिथे कोण दिसायला हवं होतं, हे मी विचारलं नाही.

खेळ संपल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. ऐकायला कमी येत असावं, स्पीकर सुरू होता.

"बेटा, आज वाफ नाही धरली!"

"कोणती वाफ, बाबा?"

त्यांनी मास्कवरचा पंखा बंद केला.

"काही नाही. जेवली का तू?"