कपाळाला लावलेली कादंबरी

लेखकांनी स्वतःच छापलेल्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं तपासायचं काम माझ्याकडं कसं आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका वाचनालयानं स्पर्धा काढली, त्यांना तीन परीक्षक हवे होते आणि तिसरं कुणी मिळत नव्हतं. मी आयुष्यभर पुस्तकांची कव्हरं केली, आधी हातानं आणि मग कॉम्प्युटरवर, त्यामुळं 'मॅडमना विचारा' असं झालं. बाकीचे दोघे म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक आणि एका छापखान्याचे मालक. आमचं तिघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर व्हायचं, वाचनालयाचा चहा पाणचट असतो.

आमची पद्धत ठरलेली होती. पुस्तक उघडायचं नाही. सगळी पुस्तकं वरच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभी करायची, समोरच्या भिंतीपाशी खुर्च्या टाकून बसायचं आणि तिथून बघायचं. दुकानात माणूस पुस्तक आधी लांबूनच बघतो, तेव्हा लांबून जे बोलावत नाही ते बाद. ही पद्धत मीच घालून दिली होती आणि ती बरोबर आहे असं मला आजही वाटतं.

पण लांबून जे दिसायचं त्यानं जीव नकोसा व्हायचा. वाळलेलं झाड. मावळता सूर्य. वाळलेल्या झाडामागं मावळता सूर्य. काटेरी तारेत अडकलेला गुलाब. एका वर्षी तर एकच पाठमोरी बाई तीन कादंबऱ्यांवर निघाली. इंटरनेटवरनं फुकट उचललेली गोरी बाई, भुरे केस सोडून गव्हाच्या शेतात उभी, आणि त्यातल्या एका कादंबरीत ती म्हणे ऊसतोड मजुराची लेक होती. अलीकडं मोबाइलला सांगून चित्र काढून घ्यायची टूम निघालीय, तेव्हापासून नऊवारी नेसलेल्या बायकांना सहा-सहा बोटं फुटायला लागलीत. माझा संताप व्हायचा. माणूस वर्षानुवर्षं खपून कादंबरी लिहितो आणि कव्हर मात्र चौकातल्या डिजिटल बोर्डवाल्याकडं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स छापतात तिथं, चहा येईपर्यंत उरकून घेतो. लग्नाला उभं राहायचं आणि अंगावर शेजाऱ्याचा शर्ट घालायचा, त्यातला प्रकार.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी भिंतीशी एक फिकट निळं पुस्तक होतं. मधोमध साडीतल्या एका मुलीचा फोटो, भोवती लंबगोल चौकट, कोपऱ्यात पुसट फुलं, खाली नाव. आणि मुलीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं. नुसती बोटं. मागं माणूस नाही, मनगटाच्या जागी निळं आकाश.

"हे आणखी एक मशीनचं," प्राध्यापक म्हणाले. "हात कुणाचा आहे हा?"

"भुताटकीची कादंबरी हाय व्हय?" छापखानेवाले म्हणाले, आणि आम्ही तिघंही मनमुराद हसलो.

मी उठून जवळ गेले ती चूक नीट बघायला. बोटांच्या नखांवर गुलाबी रंग होता आणि एका नखाचा अर्धा उडालेला होता. मशीन नखावरचा रंग असा उडवत नाही. मी तसं म्हणाले तेव्हा छापखानेवाले चष्मा लावून पुढं आले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आवो, ही पुण्यस्मरणाची पुस्तिका हाय. वर्षश्राद्धाला स्तोत्रं छापून वाटत्यात, त्यातली. गठ्ठ्यात चुकून आली बघा." त्यांनी पुस्तक उचललं, नकळत कपाळाला लावलं आणि बाजूला खिडकीत ठेवलं. मग आम्ही पुढची बघायला बसलो. बक्षीस एका समुद्रकिनाऱ्याला मिळालं.

निघताना मी खिडकीतलं ते पुस्तक उघडलं. आत स्तोत्रं नव्हती. ती कादंबरीच होती, अख्खीच्या अख्खी. मी ती पिशवीत टाकून घरी आणली.

वाचायला लागले तर काय, ती कादंबरी विनोदी होती! हुपरीतल्या एका घरात चार बायका टीव्हीवर मालिका बघत पैंजणाच्या कड्या जोडत बसतात, आणि त्यांच्या तोंडून अख्ख्या गावाची सोलपटं निघतात. सुरुवातीची काही पानं कच्ची होती, मी ती निम्म्यावर आणली असती. पण पुढं ती लिहिणारी मुलगी सुटलीच. घरात मी एकटी, आणि मोठ्यानं हसत होते. हसता हसता पुस्तक मिटलं, वर तो फोटो आला आणि मला कुणीतरी हटकल्यासारखं झालं. अशा चेहऱ्यासमोर हसतात का? त्या कव्हरनं ती कादंबरी मारून टाकली होती, आणि हे मला धंद्यातली बाई म्हणून अगदी स्वच्छ दिसत होतं.

आतल्या पानावर नंबर होता. मी फोन केला. तो तिच्या वडिलांचा निघाला, आणि रविवारी ते एसटीनं कोल्हापूरला माझ्या घरी आले. हुपरीत घरातच त्यांचा पैंजणाचा छोटा कारखाना होता. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ऊस-गळिताच्या दिवसांत संध्याकाळी कॉलेजातनं स्कुटीवर परत येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, त्याला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही की चमकणारा लाल कागद नाही. इतकंच त्यांनी सांगितलं. आपल्याकडं त्या मोसमात त्यापुढचं सांगावं लागत नाही.

"तिनं ही लिवून ठेवलीती. वर्षश्राद्धाला छापली," ते म्हणाले. "बोर्डवाल्याकडं फोटो तयारच हुता, श्रद्धांजलीच्या बोर्डावरचा. मैत्रिणीसंगं काढलेला. बोर्डावर माळ हुती, त्यात त्या मैत्रिणीचा हात झाकलाता. पुस्तकावर म्हटलं माळ नगं, तर हात उघडा पडला. त्यो पुसाय गेला तर पोरीचा खांदाबी जायला लागला. म्हटलं ऱ्हाऊ दे. तिचा खांदा नगं जायला."

मी पाणी दिलं. आम्ही त्या हातावर हसलो होतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.

"वाचली का कुणी?" मी विचारलं.

"गावभर वाटली. सगळ्यांनी कपाळाला लावली आन देव्हाऱ्यापाशी ठेवली. माझ्या भैनीनं तर हळदकुकू वाह्यलंय." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मॅडम, तिनं ती पूजंला न्हवती लिवली. लोकांनी वाचाय लिवली हुती. गावातल्यांचं ऱ्हाऊ दे. वळख ना पाळख अशा एका तरी माणसानं पैल्यापास्नं शेवटपातूर वाचाय पायजे. तेवढ्यासाठी स्पर्धंला पाठवली. बक्षिसाचं काय न्हाय."

मला गोल गोल बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं, "दादा, हा फोटो आहे तोवर ही कुणी वाचणार नाही. फोटो काढावा लागेल."

त्यांनी टेबलावरचं पुस्तक जवळ ओढलं. "फोटो काढल्यावर ऱ्हातंय काय?"

"नाव राहतं. आणि आत ती सगळी आहेच."

"तिच्या आईला इचारतो," म्हणून ते गेले. त्या आठवड्यात फोन आला. तिची आई दिवसभर जेवली नव्हती, पण हो म्हणाली होती.

नवं कव्हर मी केलं. पिवळंधमक. वरून बघितल्यासारख्या चार बायका, मध्ये कड्यांचं ताट, आणि चौघींच्याही माना टीव्हीकडं वळलेल्या. हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला हाक मारेल असं झालं होतं. तिचे वडील बघायला आले आणि "झ्याक हाय," म्हणाले, पण दुसऱ्याच्या पोराला चांगलं म्हणावं तसं म्हणाले. उरलेल्या प्रती त्याच छापखानेवाल्यांकडं आणल्या. तिथं जुनी कव्हरं सोलून नवी चढवायची होती. आम्ही उभे होतो. कामगार एकेक कव्हर सोलून खाली टाकत होता आणि त्या मुलीचा ढीग वाढत चालला होता. एवढे चेहरे, सगळे एकसारखे हसरे. रद्दीत घालायची सोय नव्हती, जाळायचं तर कुणाच्या तोंडातनं निघेना. शेवटी तिच्या वडिलांनी आपलं उपरणं पसरलं, सगळी कव्हरं त्यात बांधली आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन हुपरीच्या गाडीत बसले. 

पिवळ्या कव्हरानं आपलं काम केलं. जयसिंगपूरच्या एसटी स्टँडजवळच्या पुस्तकवाल्यानं काही प्रती दर्शनी लावल्या आणि त्या एकदोन करत जायला लागल्या. मी खूश होते. माझ्या धंद्यात खूश व्हायचे प्रसंग थोडे येतात, तेव्हा मी ते सोडत नाही.

मग एका संध्याकाळी तिचे वडील न कळवता दारात उभे राहिले. चेहरा लाल झालेला, बसा म्हटलं तरी बसेनात.

"जयसिंगपुरास्नं आलोय. मी जातोय तिथं मधनंमधनं. दुकानासमोर हुबा ऱ्हातोय." माल द्यायच्या निमित्तानं ते जायचे, हे मला तेव्हाच कळलं. "आज एका पोरीनं घेतली. कॉलेजचीच आसंल. स्टँडवर बाकड्यावर बसली आन वाचाय लागली. मी हिकडं खांबापाशी."

"मग चांगलंच झालं की."

"हसत हुती!" ते ओरडलेच. "माझी पोरगी गेली, आन ती फिदीफिदी हसत हुती. तोंडाला ओढणी लावून हसत हुती. बंद कर ते, म्हणाय गेलतो. तवर तिची गाडी लागली." मग आवाज उतरला. "फोटो लावा मॅडम परत. फोटो आसता तर ती हसली नसती."

ते खरंच होतं. मीच त्यांना तेच सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. पण माझंही डोकं सणकलं. एका अनोळखी माणसानं वाचावी म्हणून हा माणूस लेकीचे चेहरे गाठोड्यात बांधून घेऊन गेला होता, आणि आता वाचणारीच्या हातातनं पुस्तक हिसकावायला निघाला होता.

"हसणारच ती!" मी म्हणाले. "हसवायलाच लिहिलंय तुमच्या मुलीनं. तुम्ही स्वतः वाचलीय का कधी?"

 ते खुर्चीत बसले.

"न्हाय," ते म्हणाले. "पैलं पान काढलं की तिचाच आवाज येतोय कानात. फुडं जाता येत न्हाय."

मी त्यांना इतकं तोडून बोलायला नको होतं, असं वाटून मी आत चहा टाकायला जायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"कुठं हसली आसंल वो ती?"

"किती वाचून झालं होतं तिचं?"

त्यांनी बोटाच्या चिमटीत जाडी दाखवली. मी माझी प्रत काढली, तेवढी पानं उलटली आणि कुठली जागा असेल ते मला लगेच कळलं. मी मोठ्यानं वाचायला लागले. त्या प्रकरणात घरातला बाप येतो आणि जाहीर करतो, की आजपासून या घरात मालिका बंद. बायकांनी कामाचा पार इस्कोट केलाय, असं तो टीव्हीसमोर उभा राहून तावातावानं सांगतो. सांगता सांगता आवाज हळू होतो, कारण त्याला मालिकेतलं ऐकायचं असतं. मग तो खाली बसतो. मग जाहिरात लागते आणि तो विचारतो, 'त्या थोरल्या सुनंला माघारी आणली का न्हाय?' बायका मान वर न करता कड्या जोडत राहतात.

वाचताना मला हसू आवरत नव्हतं, तरी मी आवरलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"ह्यो मीच की," ते म्हणाले.

मी पान बोटानं धरून ठेवलं.

"सुनंचं इचारल्यालंबी खरं हाय. आज पोरगी आसती तर दिली आसती एक ठेवून." ते हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. कपाळाला आठ्या घालून ते काहीतरी आठवत होते. "त्या दिशी ती कोपऱ्यात मोबाइलवर बोटं चालवत बसलीती. मग मी तिलाच वरडलो. म्हटलं, सारखा मोबाइल काय, बोटं झडतील. ठेव म्हटलं त्यो. तिनं ठिवला." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हेच लिवत हुती व्हय ती?"

खोटं बोलून त्यांना यातनं सोडवावं असं मला फार वाटलं. पण पान समोर उघडं होतं आणि त्यात तो बाप पुढच्याच ओळीत कोपऱ्यातल्या पोरीवर ओरडत होता.

"हो," मी म्हणाले.

फोटोचं ते परत बोलले नाहीत. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"फुडचं वाचा," म्हणाले.