मेघालीची प्रार्थना, गोदूबाईंच्या गोळ्या

सकाळचे सात चाळीस. पडघ्याजवळच्या एका गोदामात मेघाली खोक्यांवर टेप मारते आहे, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. शिफ्ट सुरू होऊन पाऊण तासही झाला नाही आणि तिचं डोकं फिरलं आहे. झाडू मारणाऱ्या गोदूबाई आज लंगडत कामावर आल्या. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलेली, आणि शुगरच्या गोळ्या दहा दिवसांपासून बंद.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"कोनी कशाला सांगाया पायजे? तू प्रार्थना केलीस ना!"

केली होती, जेवणाच्या सुट्टीत, डोक्यावर हात ठेवून. पुढचं गोदूबाईंनी स्वतःच ठरवलं. त्यांच्या गावच्या भगताचा नियम आहे: अंगारा लावला की डॉक्टरची गोळी घ्यायची नाही, दोन्ही उतारे एकमेकांना मारतात. तोच नियम त्यांनी येशूला लावला.

मेघाली अडतीस वर्षांची. सात वर्षांपूर्वी ती ख्रिस्ती झाली, तेव्हापासून गोदामात तिच्याकडे अर्ज येतात. पोराची नोकरी, सुनेला मुलगा, हरवलेला मोबाइल. टेम्पो भरणारा दीपेश आताही मध्ये बोललाच, "मॅडम, आमचं लग्न कधी जमवता?"

"तू आधी आंघोळ कर. मग सांगते देवाला."

ती गोदूबाईंकडे वळली. "मावशी, मी काय भगत हाय का? प्रार्थना करायची आणि गोळीपण घ्यायची."

"गोळीच लागत आसंल, तं तुजा देव काय कामाचा?"

मेघालीने टेप खाली ठेवली. "माझा नवरा आजारी होता, वर्षभर प्रार्थना केली. गेला तो गेलाच. तरी मी दर रविवारी सभेला जाते. काम व्हावं म्हणून न्हाय जात. काम झालं न्हाय तरी देव सोबत हाय, म्हणून जाते. पटत नसंल तर राहू दे. पण उद्या तुमचा पाय कापला, तर तो माझ्या प्रार्थनेच्या नावावर नको."

गोदूबाईंनी वाकून अंगठा पाहिला. मग म्हणाल्या, "येते डॉक्टरकडं. पन सुई टोचताना प्रार्थना करशील?"

"करीन, बाई, करीन! गोळी घेताना पण करीन!"

दीपेश हसला. मेघाली हसली नाही.

दहा वाजता तिने सुपरवायझरकडून उद्याची शिफ्ट बदलून घेतली: सकाळी सातऐवजी दुपारी तीन. आरोग्य केंद्र नऊला उघडतं. शुगर तपासायची, म्हणून गोदूबाईंना उपाशीपोटी यायचं आहे.