गुणामावशी पाण्याला गेलीय

साल दोन हजार एकोणीस. संक्रांत होऊन गेली होती आणि येत्या रविवारी माझ्या थोरल्या भावाचं, शिद्रामअण्णाचं नाटक सोलापुरातल्या मोठ्या थिएटरात पहिल्यांदाच होणार होतं. अण्णा जाऊन एक पिढी उलटली होती. नाटक माझी नात मयूरी बसवत होती. सगळं बसलं होतं, फक्त नाटकाला शेवट नव्हता, आणि तो मी सांगावा म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

शेवट का नव्हता, ते आधी सांगते.

आम्ही कैकाडी, टोपल्या विणणारे. इंग्रजांनी कायदा केला आणि आमच्यासारख्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या जागेला सेटलमेंट म्हणत. माझा जन्म त्या तारेच्या आतला. मोठी माणसं गिरणीत कामाला जायची, आणि सकाळ-संध्याकाळ रांगेत उभं राहून हजेरी द्यायची. नाव पुकारलं की "हाजीर" म्हणायचं. स्वातंत्र्यानंतर कायदा उठला, तारा तुटल्या, तेव्हा मी परकर नेसायच्या वयाची होते.

अण्णा पुढे गिरणीत मागावर लागला. चौऱ्याहत्तर साली त्याने हे नाटक लिहिलं आणि आमच्याच वस्तीत मांडव घालून केलं. त्यात एक कारकून हजेरी घेतो. ते काम अण्णाच्या खात्यातल्या काशिनाथला दिलं होतं, त्याचा आवाज खणखणीत. पण अण्णाने त्या हजेरीत आमच्या आळीतल्या माणसांची खरीच नावं घातली होती. त्याला वाटलं, लोकांना मजा वाटेल.

काशिनाथने पहिलं नाव पुकारलं, "बाळाप्पा तिम्मा." आणि मांडवात बसलेले बाळाप्पाकाका उठून उभे राहिले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "हाजीर."

तारा तुटून किती वर्षं झाली होती. काकांचे पाय विसरले नव्हते. दुसरं नाव पुकारलं, दुसरं माणूस उठलं. कुणी हसेना. नाटकात काम करणारे आम्ही स्टेजवर थिजून उभे. काशिनाथला थांबावं की पुढे म्हणावं कळेना, त्याचा आवाज कापायला लागला. मग त्याने गुणाबाईचं नाव घेतलं. गुणामावशी उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "घरी हाय मी. तुझं काय काम हाय?"

मांडवभर हसू फुटलं. हसता हसता माणसं रडायला लागली, बाळाप्पाकाका खाली बसले, आणि नाटक तिथेच संपलं. पुढे ज्या ज्या वस्तीत प्रयोग झाले, तिथलीच नावं हजेरीत घातली आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या परीने ते संपवलं. अण्णाला शेवट लिहायची गरजच पडली नाही.

आता ते म्हातारे कुणी उरले नव्हते. मयूरीने ठरवलं होतं, आपलीच चार पोरं जुने कपडे घालून प्रेक्षकांत बसवायची आणि नाव पुकारलं की उठवायची.

"चालेल ना, आज्जी?"

मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

"खोटं वाटतंय?"

"वाटतंय."

"मग खरं काय करू ते तूच सांग. रविवार आलाय."

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी आत जाऊन आडवी झाले.

बाहेरच्या खोलीत तालीम चालली आहे. कारकुनाचं काम करणारा मुलगा नावं म्हणतो आहे. भिंतीतून ती माझ्यापर्यंत पोहोचतात. आधी नावं ऐकू येतात, मग नुसता आवाज, मग आवाजही पीठ चाळल्यासारखा बारीक होत जातो. डोळे मिटलेत की उघडे, कळत नाही. पायाशी कुणीतरी बसलं आहे.

"सरक की जरा," अण्णा म्हणतो.

तो जमिनीवर पाय पसरून बसला आहे आणि तुरीच्या काड्या सोलतो आहे. अंगात सदरा, खाली गिरणीची खाकी चड्डी, केसांत कापसाचे तंतू. मी पाय आवरून घेते.

"पलंगावर झोपायला लागलीस व्हय गं, शेवंते?"

"खाली बसलं की उठता येत नाही. गुडघे धरतात."

"म्हातारी झालीस की. माझ्यापेक्षा थोरली दिसतीस."

"आहेच आता. तू थांबलास, मी कुठं थांबले?"

तो हसतो. हसताना त्याला खोकला येत नाही, हे माझ्या लक्षात येतं. शेवटची वर्षं त्याचं हसणं खोकल्यातच संपायचं. मला इतकं बरं वाटतं की काय विचारायचं होतं तेच विसरते. मग आठवतं.

"अण्णा, शेवट सांग."

"कशाचा?"

"नाटकाचा. मयूरी बसवतीय."

"कोण मयूरी?"

"माझ्या सुभाषची पोरगी. मोठ्या थिएटरात आहे, रविवारी."

अण्णाच्या हातातली काडी थांबते. "अजून चाललंय ते?" असं विचारताना त्याचा चेहरा शाळेत पहिल्यांदा पाटी मिळालेल्या पोरासारखा होतो. "चल, बघू," म्हणतो.

आम्ही दार उघडतो आणि बाहेर गिरणीचं मागखातं आहे. रांगेने माग चाललेत, पण आवाज कसला तो नाही. अण्णाच्या मागावर सूत लावलेलं नाही, तार लावली आहे. काटेरी तार. खालून चादर निघते आहे, तीही तारेचीच.

"हात लाव," अण्णा म्हणतो. "टोचत न्हाई."

मी लावते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखी लागते.

"मी शेवटाला एक भाषण लिहिलं होतं," तो म्हणतो. "ठावं हाय का तुला?"

"आडावर पाठ करत बसायचास. मी धुणं धूत असायचे."

"लई झकास होतं. म्हणू?"

"म्हण की."

तो स्टुलावर चढतो. सदऱ्याची बटणं लावतो, घसा साफ करतो, हात वर करतो. "बांधवांनो," म्हणतो आणि थांबतो. पुन्हा म्हणतो, "बांधवांनो." मग माझ्याकडे बघतो.

"पुढचं न्हाई आठवत."

"मोठं होतं ना रे?"

"लई मोठं. बरं झालं गुणामावशीनं तोंड उघडलं. नाहीतर मांडवात घोरायला लागली असती माणसं."

तो स्टुलावरून खाली उतरतो, तेव्हा पायाखाली फरशी नसते. माती असते. सेटलमेंटचं हजेरीचं मैदान. मधोमध टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत कुणी नाही. पलीकडे आमच्या चाळी. मी अण्णाचा हात धरते. माझा हात केवढासा झाला आहे.

"बस की," तो म्हणतो, खुर्ची दाखवत.

"मी नाही बसणार तिथं."

"मग मी बसतो. हा पार्ट मला कधी करायलाच मिळाला न्हाई. काशानं लई मिरवलं." तो बसतो, पाय लांब करतो आणि समोर काही नसताना वाचल्यासारखं पुकारतो, "बाळाप्पा तिम्मा."

मैदान मोकळं आहे. मी "हाजीर" ऐकायला अंग चोरून उभी. लांब चाळीच्या छपरावरून आवाज येतो, "कौलं शाकारतुया रं. मागनं येतो."

अण्णा मान डोलावतो, जणू हेच उत्तर बरोबर होतं. "यमुना सायबू."

"लेकराला न्हाऊ घालतीया. हात वले हायत."

"सायबू भीमा."

"झोपलाय," यमुनाच सांगते. "रातपाळी होती. उठवू नगंस."

नावं चालली आहेत आणि चारी बाजूंनी उत्तरं येत आहेत. कुणी भाकरी थापतं आहे, कुणी टोपल्यांसाठी निरगुडीच्या फोका भिजत घालतं आहे, कुणाचं भांडण अर्ध्यावर आहे. रांगेत कुणीच येत नाही. आवाजात भीती नाही, घाई नाही. मला वाटतं हे संपूच नये.

"गुणाबाई," अण्णा म्हणतो.

उत्तर येत नाही.

"गुणाबाई."

मी चाळीकडे बघते. तिचं दार उघडं आहे, चूल पेटलेली आहे, ती नाही.

"अण्णा, ती कुठंय?"

"मला काय इचारतीस? मी कारकून. वो कोण देतंय?"

दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही. चालायला लागायच्या आधी आम्हाला हे शिकवलेलं. हजेरीच्या वेळी आई आमच्या तोंडावर हात ठेवून उभी राहायची, पोरं नकळत बोलून जातील म्हणून. आत्ताही तो हात माझ्या तोंडावर आहे. त्या हाताचा राखेचा वास येतो. वर बघितलं तर आई दिसेल, पण मी बघत नाही. बघितलं तर ती जाईल असं वाटतं. अण्णा वाट बघतो आहे. मग तो हात हळूच सैल होतो आणि माझ्या डोक्यावर येऊन टेकतो.

"पाण्याला गेलीय," मी म्हणते.

माझा आवाज म्हातारीचा आहे आणि मैदानभर जातो. तेवढ्यात आडाच्या वाटेने गुणामावशी येते. डोक्यावर भरलेली घागर, पदर खोचलेला. ती सरळ टेबल आणि माझ्यामधून वाट काढते.

"सरक गं पोरी. वाटंत काय हुबी राहिलीस?"

घागर हिंदकळते आणि पाणी माझ्या खांद्यावर सांडतं. थंडगार.

"मावशी, तुझं नाव पुकारतायत."

"पुकारू दे की. त्वांड हाय त्याला, वरडंल."

आणि ती घरात जाते. अण्णा टेबलावर डोकं ठेवून हसतो आहे. हसून झालं की डोळे पुसतो. मी त्याच्याजवळ जाते.

"अण्णा, तुला एक सांगायचं राहिलंय."

"काय गं?"

"सरकारच्या कागदात आपली नावं गुन्हेगार म्हणून होती. तू ती तिथनं काढून आणलीस. तुझे उपकार झाले रे."

"उपकार कसले, येडे. नवी नावं सुचंनात म्हणून तीच घातली." तो उठतो, चड्डीची माती झटकतो. "भोंगा झाला बघ. जातो."

भोंगा खरंच होतो. एकदा, दोनदा. मग तो कुकरच्या शिट्टीचा आवाज होतो.

मी जागी झाले तेव्हा उन्हं खिडकीतून भिंतीवर गेली होती. मयूरी चहा घेऊन उभी होती.

"झोपेत बोलत होतीस, आज्जी. पाणी पाणी म्हणत होतीस." मग ती वाकली. "खांदा कसा भिजला गं तुझा?"

उजव्या खांद्यावरचा पदर ओला होता. पिळला तर पाणी निघालं असतं इतका. उशाशी तांब्या होता, भरलेला, वर फुलपात्र पालथं घातलेलं. मयूरीने वर छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मी उठून बसले. चहा घेतला.

"प्रेक्षकांत माणसं बसवू नकोस," मी म्हटलं. "नावं पुकारू दे. ओ मी देते."

"तू? स्टेजवर?"

"खुर्ची ठेव. मला उभं राहवत नाही."

"आणि काय म्हणशील?"

"कोण कुठं गेलंय, ते."

तिने बाहेरच्या पोरांना हाक मारली.

रविवारी थिएटर भरलं होतं. कारकून नावं पुकारत गेला आणि मी खुर्चीत बसून सांगत गेले. बाळाप्पा कौलं शाकारतोय. यमुना लेकराला न्हाऊ घालतीय. सायबू झोपलाय, उठवू नका. गुणामावशी पाण्याला गेलीय. सगळी नावं संपली तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, फसलं. मयूरी विंगेत ओठ चावत उभी होती. मग वरच्या बाल्कनीतून एका बाईचा आवाज आला. कोण होती, कुठल्या वस्तीतली, मला माहीत नाही.

"आमची आई राहिली," ती म्हणाली. "पारुबाई लक्ष्मण. घ्या तिचं नाव."

कारकून गोंधळला. मी त्याला खूण केली. त्याने नाव पुकारलं, "पारुबाई लक्ष्मण."

"मिरच्या वाळत घालतीय," वरून बाई म्हणाली.

मग खालून एका माणसाने आजोबांचं नाव सांगितलं. मग मागच्या रांगेतून, मग डावीकडून. नावं येत राहिली, कारकून पुकारत राहिला, ज्याचं त्याचं माणूस ओ देत राहिलं. थिएटरवाल्यांनी वेळ झाली म्हणून दिवे लावले तरी चाललंच होतं.

काशिनाथ त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. अर्धांगाने त्याची वाचा गेली होती. मुलगा सांगत होता, प्रत्येक नावाला बाबांचे ओठ हलत होते. त्या दिवाळीत तो गेला. बाळाप्पाकाका तारा तुटलेल्या जागेजवळच घर बांधून राहिले आणि तिथेच वारले. गुणामावशी अण्णाच्या आधी वर्षभर गेली. तिची पणती सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि रांगेतल्या लोकांशी तशीच बोलते. अण्णाला गिरणीच्या धुळीने नेलं, गिरणीही पुढे बंद पडली. त्याचं नाटक मयूरी अजून करते. गावोगावी जाते. शेवट कुठे पाच मिनिटांत होतो, कुठे तासभर चालतो.

मी इथेच आहे, मुलाच्या फ्लॅटमध्ये. त्या लुगड्याचा पदर वाळला तेव्हा खांद्यावर पांढरी रेघ उमटली. आमच्या घरात उजनी धरणाचं पाणी येतं, त्याने असा डाग पडत नाही. सेटलमेंटच्या आडाचं पाणी मचूळ होतं, त्यात धुतलेल्या कपड्यांवर अशा रेघा यायच्या. तो आड कधीच बुजवून टाकला आहे. लुगडं मी त्यानंतर पुष्कळदा धुतलं, रेघ गेली नाही. सून म्हणते, क्षार आहे, लिंबू चोळा, निघेल. मी बरं म्हणते आणि लिंबू सरबतात पिळते.